आवाज येतो, चित्र दिसत नाही : टीव्हीची बॅकलाईट दुरुस्त करायला शिकताना

"दादा, आवाज यायलाय, पण चित्रच दिसंना." परभणी जिल्ह्यात मानवतच्या बाजूला माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. उन्हाळ्यात हे वाक्य ऐकल्याशिवाय एक दिवस जात नाही. मे महिन्यात पारा ४२-४३ च्या वर, घर पत्र्याचं, टीव्ही भिंतीला चिकटून, त्यात दिवसातून चारदा लाईट जाणार आणि येताना झटका देत येणार. अशा घरात टीव्हीचा जो भाग सगळ्यात आधी दम टाकतो, तो म्हणजे बॅकलाईट, पडद्याला मागून उजेड देणारे एलईडी दिवे. आयटीआय करून नुकतीच हातात सोल्डरिंग घेतलेली पोरं दुकानात बसायला येतात, त्यांना मी पहिलं काम हेच शिकवतो. तेच इथं क्रमानं लिहितो.

हात लावायच्या आधी : उजेडाचा प्रवास

ज्याला आपण 'एलईडी टीव्ही' म्हणतो तो खरं तर एलसीडी टीव्ही आहे. समोरची काच, म्हणजे पॅनल, स्वतः काडीचाही उजेड देत नाही. तिच्यात लाखो बारीक खिडक्या आहेत. त्या कमी-जास्त उघडतात आणि मागून येणारा उजेड तेवढाच पुढं सोडतात. मागून उजेडच आला नाही, तर खिडक्या कितीही नीट चालल्या तरी पडदा काळाच राहणार. चित्र तयार होत असतं, ते आपल्याला दिसत नाही एवढंच.

या खिडक्या उजेड फार खातात. पॅनलच्या मागच्या पोलरायझरमध्येच, म्हणजे एकाच दिशेनं कंप पावणारा उजेड पुढं सोडणाऱ्या फिल्ममध्येच, निम्म्याहून जास्त उजेड जातो. पुढं लाल, हिरवे, निळे फिल्टर असतात. प्रत्येक ठिपका एकच रंग सोडतो, म्हणून उरलेल्यातले दोन तृतीयांश तिथं अडतात. मधे बारीक तारांचं जाळं आहे, तेही जागा अडवतं. मागं १०० भाग उजेड तयार झाला, तर पांढऱ्या चित्रातसुद्धा तुमच्या डोळ्यापर्यंत साधारण ५ ते ७ भाग पोचतो. म्हणून मागचे एलईडी इतके जोरात चालवावे लागतात, म्हणून ते तापतात आणि म्हणून ते जातात. आपल्याकडं येणाऱ्या निम्म्या तक्रारींचं मूळ या एका साखळीत आहे.

२०१० च्या आधीच्या बऱ्याच एलसीडी टीव्हींमध्ये एलईडीच्या जागी बारीक नळ्या असायच्या, ट्यूबलाईटच्या धाकट्या भावासारख्या. त्यांना शेकडो व्होल्ट लागायचे आणि आत पारा असायचा. असा जुना टीव्ही आला तर नळी फुटू देऊ नका. बाकी ते काम आता फारसं येत नाही.

पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा, म्हणजे निळ्या उजेडाचा काही भाग पिवळा करणाऱ्या पुडीचा, थर देतात. निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरा दिसतो. हा निळा एलईडी नीट जमवायला जगाला कित्येक वर्षं लागली. त्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पोरांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण याचा थेट उपयोग आहे. टीव्ही जांभळा-निळा दिसायला लागला की समजायचं, उष्णतेनं फॉस्फर खराब झाला आणि खालची निळी चिप उघडी पडायला लागली. तिथं मेनूतले रंग बदलत बसण्यात वेळ घालवू नका, ज्यांवर एलईडी बसवलेले असतात त्या पट्ट्याच बदलाव्या लागतात.

आता एलईडीपासून काचेपर्यंत काय काय असतं ते पाहू. एलईडी बसवायच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत पाठीच्या पत्र्यावर पट्ट्या आडव्या मांडलेल्या असतात आणि प्रत्येक एलईडीवर एक प्लास्टिकची लेन्स. स्वस्त ३२ इंची टीव्ही बहुतेक याच प्रकारचे. दुसऱ्या तऱ्हेत पट्टी फक्त कडेला असते आणि मधे जाड ॲक्रिलिकची पारदर्शक पाटी. हे टीव्ही पातळ असतात.

त्या ॲक्रिलिकच्या पाटीची करामत समजून घ्या. कडेनं शिरलेला उजेड पाटीच्या पृष्ठभागावर तिरका आपटतो आणि बाहेर न पडता परत आत फिरतो. पृष्ठभागाला काटकोनात असलेल्या रेषेपासून ४२ अंशांहून जास्त तिरका आला की ॲक्रिलिक त्याला बाहेर सोडतच नाही. विहिरीत बुडी मारून वर पाहिलं की डोक्यावर तेवढं एक गोल आभाळ दिसतं आणि भोवतीचं पाणी आरशासारखं चमकतं, तोच प्रकार. मग उजेड समोर येतो कसा? पाटीच्या मागच्या बाजूला पांढरे बारीक ठिपके छापलेले असतात. उजेड ठिपक्यावर पडला की विखुरतो आणि बाहेर निघतो. एलईडीजवळ ठिपके लहान आणि विरळ, लांब जाल तसे मोठे आणि दाट. जवळ उजेड भरपूर म्हणून थोडाच बाहेर काढायचा, लांब कमी म्हणून जास्त काढायचा. त्यामुळं ही पाटी उलटसुलट बसवली तर एका बाजूला भगभगीत आणि दुसऱ्या बाजूला अंधार होतो.

सगळ्यांच्या तळाशी पांढरी रिफ्लेक्टर शीट. ती मागं गेलेला उजेड पुढं ढकलते. साधा पांढरा कागद दिसतो, पण आत डोळ्याला न दिसणारे हवेचे बुडबुडे असतात आणि चांगली शीट पडलेल्यातला ९५ टक्क्यांच्या आसपास उजेड परत फिरवते. तिच्या जागी चार्टपेपर घालणारे मी पाहिलेत. तसं करू नका, तो उजेडही खातो आणि उष्णतेनं पिवळाही पडतो.

लेन्सवाल्या टीव्हीत यानंतर दुधी रंगाची जाड डिफ्युजर प्लेट येते, तिच्यावर पातळ शीटा. त्यातली एक प्रिझम शीट असते. बोटाच्या नखानं हळू घासलं तर बारीक खरखर लागते. तिच्यावर केसाहून बारीक नळ्या-पन्हाळी असतात, अगदी पत्र्याच्या छपरासारख्या. वर, खाली, कडेला वाया जाणारा उजेड ही शीट समोर, बघणाऱ्याकडं वळवते. ती काढून टाकली तर वीज तेवढीच जाते आणि चित्र मात्र ठळकपणे मंद दिसतं. काही टीव्हींत आणखी एक चमकदार शीट असते. पहिल्या पोलरायझरला जो उजेड चालणार नाही, तो ती मागं फिरवून पुन्हा कामाला लावते.

पायरी १ : टॉर्च

टीव्ही चालू करा, दुकानातला उजेड कमी करा आणि मोबाईलचा टॉर्च पडद्याला टेकवून तिरका धरा. आत पुसट चित्र किंवा मेनू हलताना दिसला तर पॅनल चांगलं, मेनबोर्ड चांगला, दोष बॅकलाईटमध्ये. काहीच दिसलं नाही तर घाई करू नका, मेनबोर्ड, टीकॉन (पॅनलला चित्राचे सिग्नल देणारा छोटा बोर्ड) किंवा सप्लायकडं बघावं लागेल. उभ्या-आडव्या रेघा, अर्धा पडदा पांढरा, चित्र दुहेरी ही पॅनलची दुखणी आहेत. पट्ट्या बदलून ती जात नाहीत.

ओएलईडी टीव्हीला बॅकलाईट नसतेच, तिथं प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो. आपल्या गावाकडं तो क्वचित येतो, पण आला तर मागचं लेबल वाचूनच पुढं जा.

गिऱ्हाईकाला दोन प्रश्न विचारा. "एकदमच गेलं का आधी अंधूक व्हायलंतं?" आणि "चालू केल्यावर क्षणभर तरी दिसतं का?" दोन सेकंद उजेड येऊन जात असेल तर ड्रायव्हर, म्हणजे एलईडीच्या पट्ट्यांना वीज देणारं सर्किट, जिवंत आहे आणि काहीतरी बिघडलेलं पाहून तो स्वतःच बंद होतोय, हे दुकानात टीव्ही न उघडताच कळतं.

पायरी २ : सप्लाय का पट्टी?

मागचं झाकण काढलं की पहिलं लक्ष मोठ्या कपॅसिटरकडं. २३० व्होल्टची लाईन सरळ केल्यावर तिथं ३०० च्या वर डीसी साठतो, मोठ्या टीव्हीत ३८०-४०० पर्यंत. प्लग काढला तरी तो काही वेळ तसाच बसून राहतो. १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब होल्डरला लावून दोन वायरी काढा, त्या कपॅसिटरच्या दोन टोकांना टेकवा, मग मीटरनं शून्य झाल्याची खात्री करा. पेचकसानं शॉर्ट मारण्याची सवय लावून घेऊ नका. बोर्डवर गरम (थेट लाईनशी जोडलेली) आणि थंड (लाईनपासून वेगळी) अशा दोन बाजू रेघ मारून दाखवलेल्या असतात. गरम बाजूला मीटर लावण्याइतका हात बसेपर्यंत तिकडं जाऊ नका. पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डवरच, म्हणजे लाईनच्या वाटेत बल्ब जोडलेल्या बोर्डवरच करा.

आता पट्ट्यांकडं जाणारा कनेक्टर शोधा. त्यावर एलईडी प्लस, एलईडी मायनस असं काही लिहिलेलं असतं. मीटर १००० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी पिन चासीला (मागच्या पत्र्याला), लाल पिन एलईडी प्लसला, आणि टीव्ही चालू करा. तीन गोष्टींपैकी एक होईल.

व्होल्ट एकदम वर उसळून खाली आले : ड्रायव्हरनं करंट ढकलायला व्होल्टेज वाढवत नेलं, करंट गेलाच नाही, मग संरक्षण म्हणून तो थांबला. पट्टीत कुठंतरी एलईडी तुटलाय किंवा कनेक्टर सुटलाय. दहातली बहुतेक प्रकरणं हीच.

व्होल्ट वाढलेच नाहीत : मेनबोर्डकडून ड्रायव्हरला 'चालू हो' असा जो आदेश येतो तो तपासा. त्या पिनवर साधारण ३ ते ५ व्होल्ट यायला हवेत. आदेश येतोय आणि ड्रायव्हर हलत नाही, तर ड्रायव्हरमधले मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा भाग), डायोड, फ्यूज, आयसी (चिप) असं एकेक तपासत पुढं चला. आदेशच येत नसेल तर दोष मेनबोर्डकडं.

व्होल्ट येऊन टिकले आणि तरी अंधार : हे कमी वेळा होतं. कनेक्टरची पिन जळालेली असते. नाकाला वास येतोच.

त्यानंतर एलईडी टेस्टर. बाजारात मिळणारा हा छोटा डबा ३०० व्होल्टपर्यंत जाऊ शकतो, पण करंट मोजका देतो. त्याच्या वायरींना बोटं लावू नका. बोर्डकडचा कनेक्टर काढून टेस्टर थेट पट्ट्यांच्या वायरीला लावा. सगळे एलईडी एकामागे एक जोडलेले असतात, म्हणून एक तुटला की आख्खी माळ बंद, दिवाळीच्या जुन्या माळेसारखी. उलट एखादा एलईडी आतून शॉर्ट झाला तर तो एकटाच विझतो, बाकीचे पेटतात आणि पडद्यावर तेवढा काळा डाग दिसतो. मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर विसंबू नका. त्यातून बाहेर येणारे व्होल्ट ३ च्या आसपासच असतात, ६ व्होल्टचा चांगला एलईडीही त्यावर पेटत नाही.

पायरी ३ : पॅनल उतरवणं

इथं गडी घडतो किंवा टीव्ही मोडतो. पॅनल फुटलं की टीव्हीच गेला, कारण पॅनलची किंमत नव्या टीव्हीच्या जवळ जाते. मी शिकत असताना एक पॅनल माझ्या हातून गेलं. काच नीट उचलली होती. कडेची पिवळसर लवचिक पट्टी, जिच्यावर चिप बसवलेली असते, ती पत्र्याच्या कडेला अडकली आणि तडकली. काचेला ओरखडा नव्हता, पण पडद्याचा एक भाग कायमचा गेला. ते गिऱ्हाईक शेतकरी होतं, सोयाबीनच्या पैशातून टीव्ही घेतलेला. मी तो भरून दिला. तेव्हापासून काचेच्या आधी माझं लक्ष त्या पट्ट्यांवर असतं, आणि तुमचंही असू द्या.

तयारी अशी करा. मोठं टेबल, त्यावर धुतलेली गोधडी, वर स्वच्छ सुती चादर. पंखा बंद. हो, मे महिन्यातही बंद, नाहीतर शीटांवर धूळ आणि केस बसतात. दसऱ्यानंतर आपल्याकडं जिनिंग सुरू झालं की हवेत कापसाचे तंतू असतात, तेव्हा दार लावून घ्या. कपाळाला रुमाल बांधा. घामाचा एक थेंब प्रिझम शीटवर पडला तर वाळल्यावर त्याचा डाग पडद्यावर कायम दिसतो. अंगठी, घड्याळ, हातातलं कडं काढून ठेवा.

टीव्ही पालथा ठेवून बोर्डांचे कनेक्टर काढा, पण त्याआधी फोटो घ्या. पॅनलच्या कडेच्या लांब बोर्डाचे स्क्रू सोडवा. मग दोघांनी मिळून टीव्ही उताणा करा, समोरची चौकट काढा. आता पॅनल फक्त ठेवलेलं असतं, काही टीव्हींत कडेनं टेपनं चिकटवलेलंही असतं. चिकटवलेलं असेल तर पातळ प्लास्टिकची पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड कडेनं सावकाश फिरवा. बोर्ड असलेल्या बाजूला हे कधीही नाही.

उचलताना दोन माणसं, चार हात, आणि एकानंच 'उचल' म्हणायचं. व्हॅक्यूमचे दोन कप असले तर उत्तम. काच वाकू द्यायची नाही, लांब बोर्ड काचेसोबतच, त्याच पातळीत उचलायचा. चादरीवर सपाट ठेवा आणि वर काहीही ठेवू नका, पेचकससुद्धा. भिंतीला उभं टेकवून ठेवलेलं पॅनल लेकरू पळत आलं की जातं. दुकानात हे घडलेलं आहे.

पायरी ४ : शीटा

प्रत्येक शीटच्या कडेला छोटे कान असतात, ते चौकटीच्या खिळ्यांत अडकतात. काढण्याआधी वरून फोटो, मग प्रत्येक थर काढताना एक फोटो. कोपऱ्यावर मास्किंग टेपचा बारीक तुकडा लावून १, २, ३ असे आकडे टाका, आणि आकडा नेहमी वरच्या बाजूला. शीटांचा क्रम कंपनीगणिक बदलतो, म्हणून पाठ करण्याच्या भानगडीत पडू नका. एवढं मात्र ठरलेलं : प्रिझमची खरखरीत बाजू बघणाऱ्याकडं, गुळगुळीत बाजू एलईडीकडं. उलटी बसली तर टीव्ही चालतो, पण फिका दिसतो, आणि का फिका ते दिवसभर सापडत नाही.

शीटा शर्टानं पुसू नका. कापडानं स्थिर वीज तयार होते आणि ती आणखी धूळ ओढते. हातपंपाच्या ब्लोअरनं धूळ उडवा. बोटाचे डाग असतील तर मऊ मायक्रोफायबर किंचित ओला करून एकाच दिशेनं. स्पिरिट, थिनर, पेट्रोल अजिबात नाही.

पायरी ५ : पट्ट्या बघणं, निवडणं

डिफ्युजर प्लेट काढली की खाली पांढरी शीट आणि तिच्या भोकांतून डोकावणाऱ्या लेन्सा. आधी फक्त डोळ्यांनी बघा. एलईडीभोवती शीट तपकिरी झालीय का? एलईडीच्या पिवळ्या भागावर काळा ठिपका आहे का? एखादी लेन्स निसटून खाली पडलीय का? लेन्स पडली की एलईडीचा उजेड पसरत नाही, सरळ वर जातो आणि पडद्यावर चंद्रासारखा पांढरा गोळा दिसतो. "चित्रावर टिकल्या आल्यात" म्हणून टीव्ही येतो तो हाच. त्यात एलईडी चांगले असतील तर नुसत्या लेन्सा परत चिकटवून काम भागतं. लेन्सचे तीन पाय पट्टीवरच्या खुणांवर नेमके बसवा आणि गोंद पायांनाच लावा. एलईडीवर गोंदाचा थेंब गेला तर तो वर्षभरात जळून काळा पडतो. झटपट गोंदाची वाफ लेन्सवर पांढरी साय धरते, म्हणून मी इपॉक्सी वापरतो आणि रात्रभर सुकू देतो.

एलईडी गेलेला असेल तर एकच एलईडी बदलण्याचा मोह होतो. गिऱ्हाईकही म्हणतं, "एकच गेलाय तर एकच टाक की." मी नाही टाकत. बाकीचेही तेवढेच तास, तेवढ्याच उष्णतेत जळालेले असतात, महिन्या-दोन महिन्यांत दुसरा जातो आणि तेच पॅनल पुन्हा उतरवावं लागतं. नवा एलईडी जुन्यांमध्ये जास्त पांढरा दिसतो ते वेगळंच. पूर्ण संच बदला. अडचण फार असली तर गिऱ्हाईकाला हे सगळं समजावून, त्याच्या संमतीनंच एक टाका.

संच आणताना जुनी पट्टी सोबत न्या किंवा दोन्ही टोकांचा आणि छापील नंबराचा फोटो पाठवा. नांदेड, संभाजीनगर, हैदराबाद कुठूनही माल येऊ द्या, या गोष्टी जुळल्याच पाहिजेत : पट्टीची लांबी, एलईडीची संख्या, दोन एलईडींमधलं अंतर, लेन्सची उंची, स्क्रूची भोकं, कनेक्टरमधली प्लस-मायनसची बाजू आणि एलईडीचा व्होल्ट.

शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. दिसायला सारखे असले तरी एलईडी ३ व्होल्टचे असतात, ६ व्होल्टचेही असतात. ६ वाल्यात दोन चिपा आत एकामागे एक असतात. समजा ३ पट्ट्या, प्रत्येकी ६ एलईडी, सगळे एका माळेत. ६ व्होल्टचे असतील तर १८ गुणिले ६, म्हणजे १०८ व्होल्ट लागणार. ३ चे असतील तर ५४. १०८ देण्यासाठी बनवलेल्या ड्रायव्हरला ५४ ची माळ लावली तर कधी तो बंद पडतो, कधी करंटवरचा ताबा सुटून नव्या पट्ट्या आठवड्यात जळतात. आणि एकाच माळेत दोन्ही प्रकार मिसळले तर करंट सगळ्यांतून सारखाच जातो, पण ३ वाल्याला निम्मी वीज मिळते, पडद्यावर तिथं अंधूक पट्टा पडतो. जुन्या पट्टीवर टेस्टर लावून व्होल्ट वाचा, पेटलेल्या एलईडींच्या संख्येनं भागा. आकडा ३ च्या जवळ का ६ च्या, लगेच कळतं.

महागड्या 'क्वांटम डॉट' टीव्हीत एक फसगत आहे. तिथं एलईडी बहुधा निळेच असतात, वरच्या शीटमधले क्वांटम डॉट त्या निळ्यातून लाल आणि हिरवा तयार करतात. पट्टी पेटवल्यावर निळा उजेड पाहून खराब समजू नका आणि तिथं पांढऱ्या पट्ट्या टाकू नका, रंगाचा सत्यानाश होतो.

पायरी ६ : बसवणं आणि करंट उतरवणं

पट्टी ॲल्युमिनियमची असते ती उष्णता मागच्या पत्र्याला देण्यासाठी. जुना टेप, गोंद खरवडून पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. उष्णता वाहून नेणारी दुहेरी टेप लावा आणि पट्टी टोकापासून टोकापर्यंत दाबत न्या. फोमची साधी जाड टेप लावली तर पट्टी जणू गोधडीवर झोपली. उष्णता खाली उतरतच नाही.

आता माझ्या मते या सगळ्या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट. बऱ्याच स्वस्त टीव्हींत बॅकलाईट गरजेपेक्षा जोरात चालवलेली असते. शोरूमच्या झगझगीत उजेडात चमकण्यासाठी ते ठीक, पण पत्र्याखालच्या खोलीत तोच करंट एलईडीचा जीव घेतो. नुसत्या पट्ट्या बदलून टीव्ही परत दिला तर पुढच्या उन्हाळ्यात तो परत येतो. म्हणून करंट उतरवूनच टीव्ही द्यायचा.

ड्रायव्हरच्या आयसीला करंट मोजता यावा म्हणून एलईडी मायनसच्या वाटेत एक-दोन-तीन छोटे रेझिस्टर समांतर लावलेले असतात. आयसी त्यांच्यावर ठरावीक व्होल्ट राखतो. करंट म्हणजे तो व्होल्ट भागिले रोध. उदाहरण घ्या : १.५ ओहमचे तीन समांतर, मिळून ०.५ ओहम. वर ०.२ व्होल्ट, तर करंट ०.४ अँपिअर, म्हणजे ४०० मिलीअँपिअर. एक रेझिस्टर काढला की उरले दोन, ०.७५ ओहम, करंट २६७ मिलीअँपिअर. एक तृतीयांश घटला. उजेड मात्र तेवढा घटत नाही, कारण कमी करंटवर एलईडी जास्त कार्यक्षम चालतो. घरातल्या माणसाला फरक जाणवतही नाही, आणि पट्टी हाताला स्पष्ट थंड लागते.

रेझिस्टर ओळखायचा तर आयसीचा नंबर वाचून त्याची डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) बघा, करंट मोजणारी पिन शोधा, तिथून ग्राउंडकडं जाणारे रेझिस्टर तेच. अंदाजानं काढू नका. मोजताना टीव्हीच्या मेनूत बॅकलाईट १०० वर ठेवा, नाहीतर ड्रायव्हर उजेड कमी करण्यासाठी वीज झपाझप चालू-बंद करत असतो आणि मीटर चुकीचा आकडा दाखवतो. काही कंपन्यांच्या टीव्हींत एकाच रेझिस्टरवर सगळं असतं, तिथं तो काढायचा नाही, किंचित मोठ्या किमतीचा बसवायचा.

पायरी ७ : पॅनलविना चाचणी

पॅनल घालण्याची घाई करू नका. रिफ्लेक्टर, पट्ट्या, डिफ्युजर प्लेट एवढंच ठेवून बॅकलाईट पेटवा. उघड्या एलईडीकडं थेट बघू नका, प्लेट नसेल तेव्हा तर नाहीच. अर्धा तास चालू ठेवा. मोबाईलच्या कॅमेऱ्यातून लांबून बघा, डोळा सरावतो पण कॅमेऱ्यात उजेडाचे ढग लगेच दिसतात. कुठं जास्त पांढरं, कुठं मंद, ते आत्ताच सापडलं पाहिजे. मग बंद करून, प्लग काढून, मागचा पत्रा हातानं चाचपा. हात टेकवून ठेवता आला तर ठीक, चटका बसत असेल तर करंट अजून उतरवा किंवा टेप नीट बसलीय का बघा.

सगळं मनासारखं झालं की आकड्यांच्या उलट क्रमानं शीटा, मग पॅनल, मग चौकट. प्रत्येक शीट ठेवण्याआधी ब्लोअर मारा. चौकट लावण्याआधी टीव्ही एकदा चालू करून पूर्ण पांढरं चित्र लावा. धुळीचा कण, उलटी शीट, घसरलेला कान, सगळं पांढऱ्यावर उघडं पडतं. तेव्हा सापडलं तर पाच मिनिटांचं काम, गिऱ्हाईकाच्या घरी सापडलं तर अर्धा दिवस.

टीव्ही परत देताना

मेनूत बॅकलाईट ६०-७० वर आणा, 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोड काढून 'स्टँडर्ड' ठेवा. गिऱ्हाईकासमोर करा, म्हणजे त्याला कळतं की चित्र चांगलंच दिसतंय. टीव्ही भिंतीपासून चार बोटं लांब ठेवायला सांगा, वर झालर किंवा कापड नको. रात्री शेतीपंप बंद झाले की आपल्याकडं व्होल्ट वर चढतात, त्यामुळं जिथं डीपी घराजवळ आहे तिथं स्टॅबिलायझर लावायला सांगाच. वळवाचा पाऊस, विजा सुरू झाल्या की रिमोटनं बंद करून भागत नाही. प्लग काढायचा आणि डिशची वायरही काढायची, हे घरातल्या मावशीला, आजीला सांगा, कारण दुपारी घरात त्याच असतात.

आणि झाकण बंद करण्याआधी आतल्या बाजूला मास्किंग टेपवर मार्करनं तारीख, पट्टीचा नंबर, एलईडीचा व्होल्ट आणि उतरवलेला करंट लिहा. हाच टीव्ही चार वर्षांनी तुमच्याकडं किंवा दुसऱ्या कुणाकडं उघडला जाईल, तेव्हा त्याला पायरी ५ ची निम्मी शोधाशोध करावी लागणार नाही.